दोन पृष्ठांमधील स्नेहस्तर : आसाचा दृष्टांत आणि सांध्याचे वास्तव

सांधेदुखीने त्रस्त झालेला रुग्ण चिकित्सालयात येतो तेव्हा पुष्कळदा निदान बरोबर घेऊनच येतो. 'डॉक्टर, गुडघ्यातलं वंगण संपलंय,' हे ते निदान होय. शेजाऱ्याने सांगितलेले, जाहिरातीत ऐकलेले आणि कधी कधी चिकित्सकानेही घाईत उच्चारलेले हे वाक्य इतके रूढ झाले आहे, की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. रुग्ण मात्र त्यातून दोन निष्कर्ष काढतो. वंगण संपले म्हणजे ते बाहेरून भरले पाहिजे, हा पहिला. वंगण नसताना सांधा हलविला तर तो झिजणारच, तेव्हा चालणे बंद करावे, हा दुसरा. पहिल्या निष्कर्षाने पैसा जातो. दुसऱ्याने पायांतील बळ जाते.

वस्तुतः 'वंगण' ही उपमा आपल्या शास्त्राला परकी नाही. मात्र उपमेचा उपयोग करावयाचा तर उपमान नीट समजून घेतले पाहिजे. दोन पृष्ठांच्या मध्ये घट्टसर द्रवाचा पातळ थर असतो आणि वरून भार येतो, तेव्हा त्या थराचे काय होते? तो किती वेळ टिकतो, कशाने टिकतो आणि कशाने नाहीसा होतो? भौतिकशास्त्राने या प्रश्नांची उत्तरे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिली आहेत. ती उत्तरे श्लेषक कफाच्या विचाराशी ताडून पाहावीत आणि रुग्णाला सल्ला देताना त्यांचा काय उपयोग होतो हे सांगावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आसाचा दृष्टांत

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, चौथ्या अध्यायात, सात कलांचे वर्णन आहे. त्यांतील चौथी श्लेष्मधरा कला. ती सर्व सांध्यांच्या ठायी असते असे सांगून सुश्रुताचार्य गाडीच्या आसाचा दृष्टांत देतात. आसाला स्नेह लावलेला असला म्हणजे चाक जसे सुखाने फिरते, तसे श्लेष्म्याने युक्त असलेले सांधे आपले कार्य नीट करतात, असा त्याचा आशय आहे. पुढे वाग्भटाचार्यांनी कफाचे अवलंबक, क्लेदक, बोधक, तर्पक आणि श्लेषक असे पाच भेद नावानिशी सांगितले व सांध्यांतील कफास श्लेषक ही संज्ञा दिली.

या दृष्टांतातील एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. सुश्रुताचार्य फिरणाऱ्या चाकाचे उदाहरण देतात. उभ्या गाडीच्या आसाला लावलेला स्नेह हा त्यांच्या दृष्टांताचा विषय नाही. स्नेह आणि गती यांचा उल्लेख तेथे एकत्रच येतो. या जोडीचे महत्त्व यंत्रशास्त्राला कसे उमगले, तो इतिहास मनोरंजक आहे.

इंग्लंडमध्ये १८८३ साली बोशाँ टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या आसावरील बेअरिंगचे घर्षण मोजत होते. आस खालून तेलात बुडालेला आणि वरून भार देणारे पितळी आच्छादन, अशी मांडणी होती. आच्छादनाच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी पाडलेल्या छिद्रातून आस फिरू लागताच तेल उलट वर येऊ लागले. छिद्रात लाकडी खुंटी ठोकून पाहिली, तर तीही बाहेर फेकली गेली. मग त्या जागी दाबमापक बसविला तेव्हा काटा दर चौरस इंचास २०० पौंडांच्या पुढे गेला. बेअरिंगवरील भार सरासरीने दर चौरस इंचास केवळ १०० पौंडांचा होता. याचा अर्थ असा, की धातू धातूवर टेकलेला नव्हता. संपूर्ण भार तेलाच्या थराने तोलून धरला होता.

मँचेस्टर येथील ओवेन्स कॉलेजातील प्राध्यापक ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली या निरीक्षणाची गणिती मीमांसा प्रसिद्ध केली. द्रवाच्या थरात भार पेलणारा दाब दोन मार्गांनी निर्माण होतो, असे त्यातून स्पष्ट झाले. पृष्ठे एकमेकींशी किंचित कललेली असतील आणि सरकत असतील, तर द्रव निमुळत्या जागेत ओढला जातो व तेथे दाब वाढतो; हा पहिला मार्ग. पृष्ठे एकमेकींच्या जवळ येत असतील, तर मधला द्रव बाहेर पडताना प्रतिकार करतो, हा दुसरा. अगदी समांतर पृष्ठे नुसती एकमेकींवरून सरकली तर समरूप द्रवात असा दाब उत्पन्न होत नाही. समांतर पृष्ठांना भार पेलण्यासाठी दुसराच मार्ग उरतो. त्या थरास या लेखापुरते आपण 'पीडनस्तर' म्हणू.

पीडनस्तराचे नियम

पीडनस्तराचा अभ्यास रेनॉल्ड्स यांच्याही आधी, १८७४ साली, व्हिएन्ना येथे योझेफ स्टेफान यांनी केला होता. घासून सपाट केलेल्या दोन चकत्या द्रवात बुडवून एकमेकींजवळ ठेवल्या, की त्या जणू चिकटून बसतात. ही खरी आसक्ती आहे काय, असा त्यांचा प्रश्न होता. प्रयोगांती असे दिसले, की अगदी अल्प बलानेही चकत्या दूर होतात. फक्त त्यास वेळ लागतो. चकत्या दूर व्हायच्या तर मधल्या जागेत बाहेरून द्रव शिरला पाहिजे, आणि अरुंद फटीतून घट्ट द्रव सावकाशच शिरतो. म्हणून या चिकटण्यास स्टेफान यांनी भासमान आसक्ती म्हटले. चकत्या दाबताना नेमके उलट घडते. द्रव बाहेर पडावा लागतो आणि तोही सावकाशच पडतो.

द्रवाच्या या अंतर्गत विरोधास श्यानता म्हणतात. पाण्याची श्यानता अल्प, तिळतेलाची त्याहून बरीच अधिक, एरंडतेलाची त्याहूनही अधिक. पंचवीस अंश सेल्सिअसच्या आसपास एरंडतेलाची श्यानता पाण्याच्या सुमारे ७०० पट असते. तेच तेल चाळीस अंशांपर्यंत तापविले तर ती निम्म्याहूनही खाली येते.

श्यानतेखेरीज पीडनस्तराच्या आयुष्यावर आणखी दोन गोष्टींचा प्रभाव पडतो आणि तो अपेक्षेहून फार मोठा असतो.

पहिली गोष्ट पृष्ठाची रुंदी. समजा, चकतीचा व्यास दुप्पट केला. आता बाहेर काढावयाचा द्रव चौपट झाला, परंतु त्यास बाहेर पडण्यासाठी असलेला परीघ दुप्पटच झाला. म्हणून द्रवास दुप्पट वेगाने जावे लागते. वाटही दुप्पट लांब झाली; म्हणून मध्यभागी चौपट दाब साठतो. हा चौपट दाब चौपट क्षेत्रफळावर कार्य करतो. परिणामी एकूण विरोध सोळा पट होतो. व्यास दुप्पट, तर विरोध सोळा पट, हा तो नियम.

दुसरी गोष्ट थराची जाडी. फट निम्मी झाली की तितक्याच द्रवास निम्म्या वाटेतून दुप्पट वेगाने जावे लागते, आणि अरुंद वाटेत भिंतींचा विरोधही चौपट होतो; म्हणजे एकूण विरोध आठ पट. त्यामुळे थर जसजसा पातळ होतो तसतसा तो अधिकच हट्टी बनतो. ठरावीक भाराखाली थर निम्मा होण्यास जितका वेळ लागला, त्याच्या साधारण चौपट वेळ तो पुढे पुन्हा निम्मा होण्यास लागतो.

आकडे मांडून पाहिले म्हणजे ही गोष्ट मनावर ठसते. पाच सेंटिमीटर व्यासाच्या दोन सपाट काचेच्या चकत्या घ्याव्यात, मध्ये एक मिलिमीटर जाडीचा एरंडतेलाचा थर असावा आणि वर एक किलोग्रॅमचे वजन ठेवावे. हिशेबाप्रमाणे सुमारे साडेसहा सेकंदांत थर एक दशांश मिलिमीटर होईल. त्याच्या निम्मा होईपर्यंत एकूण २६ सेकंद लागतील. एक शतांश मिलिमीटर होण्यास अकरा मिनिटे लागतील. एक सहस्रांश मिलिमीटर, म्हणजे एक मायक्रॉन, होण्यास अठरा तास लागतील. तेलाऐवजी पाणी असेल तर हाच शेवटचा टप्पा दीड मिनिटात गाठला जाईल. पृष्ठे अगदी गुळगुळीत आहेत असे मानले, तर गणिताच्या दृष्टीने थर पूर्णपणे कधीच नाहीसा होत नाही. प्रत्यक्षात पृष्ठांवर सूक्ष्म उंचवटे असतात, आणि थर त्यांच्या उंचीएवढा पातळ झाला की ते एकमेकांस भिडू लागतात. झीज तेथे सुरू होते.

या सर्व हिशेबातून एक सूत्र हाती येते. भाराखाली थर निश्चितपणे पातळ होत जातो. प्रश्न फक्त वेळेचा असतो. तो अतिपातळ होण्यापूर्वी भार उतरला आणि द्रव पुन्हा आत शिरला, तर पृष्ठे सुरक्षित राहतात.

चिमटीतील परीक्षा

प्रयोगशाळेतील या प्रयोगाचे एक रूप आपल्या परंपरेत पूर्वीपासून आहे, हे वैद्यबंधूंच्या लक्षात आले असेलच. पाक तयार झाला की नाही हे पाहण्यासाठी आपण तो अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत घेतो, दाबतो आणि बोटे सावकाश दूर करतो. स्वयंपाकघरातील एकतारी, दोनतारी पाकाची ओळखही अशीच होते. दोन पृष्ठे, मध्ये द्रव, आधी पीडन आणि मग विलगन. साधन वेगळे, क्रिया तीच.

शार्ङ्गधरसंहितेत अवलेहाच्या सिद्धीची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत तंतू निघणे, पाण्यात टाकल्यास बुडणे व न पसरणे आणि दाबल्यावर बोटांच्या रेषांची मुद्रा उमटणे यांचा समावेश आहे. यांतील तंतू आणि मुद्रा ही दोन लक्षणे वरवर सारखी वाटली तरी ती द्रवाचे दोन भिन्न गुण सांगतात. तंतू निघतो तो द्रवाच्या घट्टपणामुळे व पिच्छिलतेमुळे. मधासही तो येतो. परंतु मधावर मुद्रा टिकत नाही. उमटलेले ठसे हळूहळू भरून येतात. ज्या पदार्थावर मुद्रा टिकते, त्यात एक विशेष असतो. विशिष्ट मर्यादेपेक्षा कमी ताण दिला तर तो वाहतच नाही. दोन पृष्ठांमध्ये असा पदार्थ दाबला असता थर अखंड पातळ होत न जाता एका ठरावीक जाडीवर थांबतो. भार वाढविला तर तो आणखी पातळ होऊन पुन्हा थांबतो. पक्व अवलेह, सिक्थयुक्त मलहर आणि योग्य घनतेचा लेप या वर्गात मोडतात. तेल आणि मध यांत मोडत नाहीत. लेप त्वचेवर जाड थराने राहतो आणि तेल ओघळते, याचे कारणही हेच.

आज मलहराची प्रसरणक्षमता तपासताना औषधनिर्माणशाळेत दोन काचपट्ट्यांमध्ये ठरावीक मात्रेत मलहर ठेवून वर वजन ठेवतात आणि ठरावीक वेळाने वर्तुळाचा व्यास मोजतात. ही चिमटीच्या परीक्षेचीच मोजमापाने बांधलेली आवृत्ती आहे. ज्यांना स्वतः औषधे सिद्ध करण्याची सवय आहे, त्यांनी दोन काचा, एक वजन आणि एक मोजपट्टी जवळ ठेवावी. प्रत्येक वेळी तीच मात्रा, तेच वजन, तोच वेळ आणि शक्यतो तेच तापमान ठेवल्यास एका घाण्याची दुसऱ्या घाण्याशी तुलना करता येते. अनुभवी बोटांना जे कळते ते नवख्या साहाय्यकालाही आकड्यांत दिसते.

सांध्यातील श्लेष्मा

आता सांध्याकडे वळू. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत तरुणास्थीचे आवरण असते आणि मधल्या पोकळीत सायनोव्हियल द्रव असतो. अंड्यातील पांढऱ्या बलकाशी असलेल्या साम्यावरून सोळाव्या शतकात पॅरासेल्सस यांनी हा शब्द घडविला असे मानतात; पिच्छिलता त्यांनाही प्रथम जाणवली. या द्रवाला घट्टपणा येतो तो मुख्यतः हायलुरॉनिक आम्लामुळे. कार्ल मेयर व जॉन पामर यांनी १९३४ साली गाईच्या डोळ्यातील द्रवातून ते प्रथम वेगळे केले. लांबच लांब साखळ्यांच्या या रेणूंमुळे सायनोव्हियल द्रव एक चमत्कारिक गुण दाखवितो. संथ हालचालीत तो घट्ट असतो आणि वेगवान हालचालीत पातळ होतो. म्हणजे भार पेलताना थर टिकून राहतो आणि सांधा झपाट्याने हलविताना अडथळा होत नाही.

निरोगी गुडघ्यात हा द्रव किती असतो? चार मिलिलिटरपेक्षाही कमी. चहाचा एक चमचाही भरत नाही. एवढ्याशा द्रवावर चालताना शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीइतका भार येतो. पीडनस्तराचा साधा हिशेब गुडघ्यास जसाच्या तसा लावला, वेगाने पातळ झालेल्या द्रवाची श्यानता धरली आणि पृष्ठे कठीण मानली, तर थर सेकंदाच्या अल्पांशातच कोलमडेल असे उत्तर येते. परंतु निरोगी सांध्याचे घर्षण बर्फावर बर्फ सरकावा त्याहूनही कमी असते. याचा अर्थ, निसर्गाने आणखी काही योजना केलेली असली पाहिजे.

ती योजना तरुणास्थीच्या रचनेत आहे. तिच्या वजनाचा सुमारे ६५ ते ८० टक्के भाग पाण्याचा असतो आणि ती मृदू व सच्छिद्र असते. मृदू असल्याने भाराखाली ती किंचित सपाट होते आणि भार पेलणारे क्षेत्र रुंदावते. रुंदीचा प्रभाव किती मोठा असतो हे आपण वर पाहिलेच. सच्छिद्र असल्याने दाबाखाली तिच्यातील द्रव पृष्ठाकडे झिरपतो, असे प्रतिपादन मॅकक्युचेन यांनी १९५९ साली केले. इंग्लंडमधील लीड्स येथील डंकन डाउसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली आणखी एक विचार मांडला. थर दाबला जात असताना त्यातील पाणी तरुणास्थीत शिरते आणि मोठे रेणू मागे राहतात. त्यामुळे उरलेला थर अधिकाधिक घट्ट होत जातो. थर पातळ होत असतानाच त्याचे सांद्रत्व वाढते. यांपैकी कोणती क्रिया कोणत्या क्षणी प्रधान असते याविषयी अभ्यासकांत मतभेद झाले. परंतु द्रवस्तर, मृदू पृष्ठ आणि पृष्ठास चिकटून राहणारे स्निग्ध रेणू या तिन्हींच्या सहकार्याने सांधा चालतो, याविषयी आज दुमत नाही.

आणखी एक मुद्दा चिकित्सेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रौढ व्यक्तीच्या तरुणास्थीत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील द्रवातूनच व्हावे लागते. भार आला की द्रव बाहेर, भार उतरला की द्रव आत, हा क्रम चालू राहिला तर या पोषणास साहाय्य होते. स्पंज एकदाच दाबून धरून ठेवला तर त्यात पाणी खेळत नाही. तो दाबावा आणि सोडावा लागतो. दिवसभराच्या भाराने पाठीच्या मणक्यांमधील चकत्यांतून असेच पाणी निघून जाते आणि रात्री पडून राहिल्यावर परत येते. म्हणून मनुष्याची उंची सकाळी संध्याकाळच्या तुलनेत सुमारे एक टक्क्याने अधिक असते.

प्रमाण आणि गुण

आता 'वंगण संपले' या वाक्याची परीक्षा करू. संधिगत वाताच्या पुष्कळ रुग्णांत गुडघा सुजलेला असतो आणि आत द्रव नेहमीपेक्षा अधिक साठलेला असतो. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात संधिगत वाताचे वर्णन करताना सूज सांगितली आहे, आणि तिचा स्पर्श वाऱ्याने भरलेल्या चामडी पिशवीसारखा असल्याचे म्हटले आहे. त्यात पसरणे व आखडणे यांच्या वेळी होणारी वेदना आहे. कोरडा पडलेला सांधा असे ते चित्र नाही.

अशा सांध्यात उणीव असते ती गुणाची. हायलुरॉनिक आम्लाचे प्रमाण घटलेले असते आणि त्याच्या साखळ्या आखूड झालेल्या असतात. द्रव पुष्कळ, पण पातळ. आणि पातळ द्रवाचा थर किती लवकर पिळून निघतो हे पाणी व एरंडतेल यांच्या तुलनेतून आपण पाहिले आहे. सांध्यातील द्रव सुईने काढल्यावर रुग्णशय्येजवळ करावयाची एक जुनी परीक्षा आहे. थेंब सुईच्या टोकावरून पडू द्यावा. निरोगी द्रवाची काही सेंटिमीटर लांबीची तार लोंबते. दाहयुक्त संधिविकारात थेंब पाण्यासारखा टपकतो. अवलेहाच्या तंतुमत्त्वाची परीक्षा करणाऱ्या वैद्यास ही परीक्षा समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे द्रव गुण वाढलेला आहे आणि सांद्र व पिच्छिल गुण क्षीण झाले आहेत. श्यानता म्हणजे अमुक एक गुण, असे समीकरण मात्र मांडू नये. गुर्वादि गुण चिकित्सेच्या दृष्टीने सांगितलेले आहेत, श्यानता ही मोजमापाची राशी आहे. दोहोंचे क्षेत्र काही ठिकाणी मिळते, सर्वत्र नाही.

उणीव गुणाची असेल तर घट्ट द्रव बाहेरून भरल्याने ती दूर होईल काय? हा प्रयत्न आधुनिक वैद्यकाने केलेला आहे. हायलुरॉनिक आम्लाची इंजेक्शने गुडघ्यात देण्याची पद्धत अनेक वर्षे प्रचारात आहे. तिच्या १६९ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२२ साली 'बीएमजे' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निष्क्रिय औषधाच्या तुलनेत वेदनेत होणारी घट अल्प आहे व रुग्णास जाणवण्याइतकी नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. भरलेला द्रव सांध्यात कायम राहत नाही. तो शोषला जातो. सांध्याचे अंतःस्तर, तरुणास्थि, स्नायू आणि हाड यांची स्थिती तीच राहिली, तर नुसत्या भरणीने फारसे साधत नाही. इंजेक्शनाने थेट पोकळीत पोचविलेल्या द्रवाची ही गोष्ट असेल, तर त्वचेवर चोळलेले किंवा पोटात घेतलेले तेल तसेच सांध्यात जाऊन वंगण बनते, असे रुग्णास सांगणे आपल्यालाही शोभणारे नाही. अभ्यंगाचे व स्नेहपानाचे समर्थन त्यांच्या स्वतःच्या शास्त्रोक्त कार्यांवर करावे. त्यास यंत्राच्या तेलपात्राची उपमा देऊ नये.

चिकित्सेतील उपयोग

या विवेचनातून व्यवहारात काय घ्यावे?

पहिली गोष्ट चालण्यासंबंधी. साध्या चालीत एक पाऊल जमिनीवर टेकलेले असते तो काळ पूर्ण चक्राच्या सुमारे ६० टक्के असतो. उरलेल्या ४० टक्के काळात पाय अधांतरी असतो. चक्र साधारण एका सेकंदाचे धरले, तर भार अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक काळ येतो आणि लगेच उतरतो. थर फार पातळ होण्याआधी त्यास भरून येण्याची संधी मिळते. एका जागी दीर्घकाळ उभे राहण्यात ही संधी नसते. भार कमी असतो, पण तो उतरत नाही. म्हणून गुडघेदुखीचा रुग्ण 'मी चालतच नाही, फक्त दुकानात उभा असतो' असे सांगतो, तेव्हा त्याने सांध्याला विश्रांती दिली असे समजू नये. शिक्षक, दुकानदार, वाहतूक पोलीस, यंत्रापुढे उभे राहून काम करणारे कामगार, ओट्याशी तासन् तास उभ्या असणाऱ्या गृहिणी यांना भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेण्याची, दर काही मिनिटांनी चार पावले टाकण्याची आणि बसल्या जागी गुडघा मोकळा सोडून हलविण्याची सवय लावावी. औषधपत्रावर औषधाखाली ही ओळ लिहून द्यावी. तोंडी सांगितलेले विसरले जाते.

दुसरी गोष्ट दीर्घ बैठकीनंतरच्या पहिल्या हालचालींची. बसून उठल्यावर पहिली काही पावले जड जातात, अशी तक्रार या रुग्णांत सर्रास असते. त्याचे सारे श्रेय पीडनस्तरास देता येणार नाही. स्नायू व संधिबंध यांचाही त्यात वाटा असतो. तरी उठण्यापूर्वी भार न देता गुडघा दहा-वीस वेळा दुमडावा व सरळ करावा, हा सल्ला निरुपद्रवी असून सांध्यात द्रव खेळविण्यास अनुकूल आहे.

तिसरी गोष्ट अभ्यंगाच्या तंत्राची. एकाच बलाने दाबले असता तळव्याखाली तेलाचा थर टिकतो आणि अंगठ्याखाली तो लवकर निघून जातो. रुंदी चौपट असेल तर फरक २५६ पटींचा पडतो. त्वचा मृदू व खडबडीत असल्याने हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये, पण दिशा तीच राहते. म्हणून लांब हाताने करावयाच्या अभ्यंगास तळवा योग्य आणि एखाद्या बिंदूवर पीडन करावयाचे तेथे अंगठा योग्य, हा परिचारकांचा अनुभव सयुक्तिक ठरतो. तेल कोमट केले की ते पातळ होऊन सहज पसरते. मात्र थरही लवकर संपतो, म्हणून ते पुनःपुन्हा घ्यावे लागते. अंगठ्याने पीडन करताना तेल भरपूर असले तरी त्वचा ओढली जाऊ शकते, हे वृद्ध व नाजूक त्वचेच्या रुग्णांत विसरू नये.

चौथी गोष्ट मर्यादेची. हालचालीचे जे महत्त्व वर सांगितले ते प्रत्येक सांध्यास प्रत्येक वेळी लागू नाही. सांधा लाल व उष्ण झाला असेल, ज्वर असेल, एकाएकी मोठी सूज आली असेल, आघातानंतर गुडघा अडकून बसत असेल किंवा त्यावर भारच देता येत नसेल, तर चालण्याचा आग्रह धरू नये. अशा रुग्णाची विनाविलंब तपासणी करवून घ्यावी. जंतुसंसर्गाने दूषित झालेला सांधा काही दिवसांतच कायमचा निकामी होऊ शकतो. अशा वेळी सांध्यातील द्रवाची परीक्षा हेच निदानाचे मुख्य साधन असते. स्थूल रुग्णांत वजन कमी करणे आणि मांडीच्या स्नायूंचे बल वाढविणे या उपायांना तर पर्याय नाही. भार उणा झाला की थराचे आयुष्य त्याच प्रमाणात वाढते, हा पीडनस्तराचा सर्वांत सरळ नियम आहे.

समारोप

उपमा ही शास्त्र समजावून देण्याचे साधन आहे. तिच्यात एकच अंश निवडून बाकीचा सोडून दिला, की ती दिशाभूल करते. आसाच्या दृष्टांतातून आपण स्नेह उचलला आणि चक्राचे फिरणे सोडून दिले. परिणामी रुग्णाच्या मनात रिकाम्या होत जाणाऱ्या भांड्याचे चित्र उभे राहिले. सांधा हे भांडे नाही. तेथे अत्यल्प द्रव भाराखाली क्षणोक्षणी पिळला जातो आणि भार उतरताच क्षणोक्षणी भरून येतो. त्याचे रक्षण द्रवाच्या गुणाने, भाराच्या मर्यादेने आणि हालचालीच्या नियमाने होते.

तेव्हा रुग्णापुढे 'वंगण' हा शब्द वापरावयाचाच असेल तर अवश्य वापरावा. तो त्यास समजतो आणि आपल्या परंपरेतही त्यास आधार आहे. मात्र तो उच्चारताना दुसरे वाक्य जोडण्यास विसरू नये : सांध्याचे वंगण शरीर स्वतः तयार करते, आणि ते सांध्यात खेळते राहण्यासाठी बेताने चालत राहावे लागते.